आडवा न आलेला कुत्रा

बुधवार, रात्री साडेअकरा

दुपारी गॅरेजात गाडीचे नुकसान तपासायला विमा कंपनीकडून आलेल्या सर्व्हेअरनी मला विचारले, "त्याला फार लागले नाही ना?" मी म्हणाले, "नाही, पळाला तो." एवढेच बोलणे झाले आणि ते पुन्हा खाली वाकून बंपरचे फोटो काढू लागले. तेव्हापासून हे वाक्य माझ्या मागे लागले आहे. जेवताना आठवले, आणि आता अंथरुणावर पडल्यावरही तेच, म्हणून उठून लिहायला बसले आहे.

पळाला तो. जो कुत्रा मुळात रस्त्यावर आलाच नव्हता, तो.

रविवारी रात्री माईंकडून निघाले तेव्हा अकरा वाजून गेले होते. शीव सोडून पूर्व द्रुतगती मार्गाला लागले, घाटकोपर मागे पडले, रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. पाऊस नव्हता, वेग जास्त नव्हता, फोन पर्समध्ये होता. मी दादाच्या त्या बोलण्याचा विचार करत होते, आणि गाडी हळूहळू उजवीकडे सरकते आहे हे मला कळलेच नाही. दुभाजकाला लागल्याचा आवाज झाला तेव्हा मी भानावर आले. उजवा हेडलाइट फुटला, फेंडर आत गेला, बंपर एका क्लिपवर लोंबकळत राहिला आणि आतला पत्रा वाकून चाकाला टेकला. मला खरचटलेसुद्धा नाही, दुसऱ्या कोणाला काही झाले नाही. खरी हकीगत एवढीच आहे, आणि ती लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या.

सोमवारी सकाळी गॅरेजात क्लेम फॉर्म पुढे आला. पॉलिसी, आरसी, लायसन्स यांच्या प्रती जोडून झाल्या, आणि 'अपघात कसा घडला' या रकान्यापाशी माझे पेन थांबले. समोरच्या मुलाने माझ्या हातातल्या कागदाकडे न बघताच सांगितले, "मॅडम, अचानक कुत्रा आडवा आल्यामुळे त्याला वाचवताना गाडी दुभाजकाला लागली, असे लिहा. सगळे हेच लिहितात, क्लेम अडकत नाही." आणि मी लिहिले. शाळेत बाई फळ्यावर लिहीत आणि आम्ही वहीत उतरवून घेत असू, तसे शुद्धलेखन सांभाळून लिहिले. खाली छापलेले होते की वरील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास भरपाईचा हक्क राहणार नाही. त्याच्याखाली सही केली. त्या दिवशी मला याचे काहीच वाटले नाही, हे आता जास्त लागते आहे.

त्या दिवशी मला फक्त माझीच कीव येत होती. रात्री महामार्गाच्या कडेला मी पाऊण तास एकटी उभी होते आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर अंग हलत होते. टोइंगवाला आला तो आधी पैशांचे बोलला. घरी फोन केला तर अनिकेतचा पहिला प्रश्न होता, "गाडीला किती लागले?" दुसरा प्रश्न त्याने माझ्याबद्दल विचारला, हे खरे आहे, पण मला पहिलाच लक्षात राहिला. दोन दिवस मी तो उगाळत होते. ज्यांना ज्यांना अपघाताचे कळले, त्या सगळ्यांनी इन्शुरन्स आहे ना, एवढेच विचारले. तू कुठल्या विचारात होतीस, हे कोणीही विचारले नाही. आणि कोणी विचारले असते तरी मी सांगितले असते का, हे मला माहीत नाही. ते राहू दे.

आज सर्व्हेअर आले. पन्नाशीचे असावेत, शर्टाच्या खिशाला दोन पेने. त्यांनी प्रथम चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो घेतला, मग गुडघ्यावर बसून बंपरवर लागलेला दुभाजकाचा पिवळा रंग नखाने खरवडून पाहिला. "कुत्रा कुठल्या बाजूने आला?" त्यांनी विचारले. "डावीकडून," मी म्हणाले, आणि त्यांनी छोट्या डायरीत ते टिपून घेतले. मला वाटते हा प्रश्न त्यांच्या कामाचा होता. डावीकडून कुत्रा आला तर माणूस उजवीकडे वळतो, म्हणजे मार उजव्या बाजूला असणार, आणि तसा तो होता. पण त्यापुढचा प्रश्न कामाचा नव्हता. डायरी मिटताना त्यांचा हात थांबला, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि आवाज खाली आणून त्याला लागले नाही ना, असे विचारले. डायरीत भरायला म्हणून नव्हे, त्यांना त्या जनावराची खरीच काळजी वाटली होती. आणि मी क्षणाचाही विचार न करता त्यांना दिलासा दिला.

पहिले खोटे गॅरेजने सांगितले म्हणून लिहिले, असे मी स्वतःला पटवू शकले असते. हे दुसरे मला कोणी सांगितले नव्हते.

रात्री जेवण झाल्यावर पॉलिसीचे कागद पहिल्यांदा नीट वाचले. सहा वर्षे हप्ता भरते आहे, पण पहिल्या पानापुढे कधी गेले नव्हते. दारू पिऊन गाडी चालवली, वैध लायसन्स नसले, ठरलेल्या कामाव्यतिरिक्त गाडी वापरली, तर भरपाई नाही. नुसती झीज झाली किंवा यंत्र आपोआप बिघडले, तरी नाही. ही यादी मी दोनदा वाचली. चालवणाऱ्याचे लक्ष नव्हते, हे कारण त्यात कुठेच नाही. अपघात बहुधा कोणाच्या तरी चुकीनेच होतो, आणि स्वतःच्या चुकीने स्वतःच्या गाडीचे झालेले नुकसानही भरून मिळावे यासाठीच तर आपण नुसत्या थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानापुरत्या विम्यावर, न थांबता पूर्ण पॉलिसी घेतो. म्हणजे मी खरे लिहिले असते तरी मला तेवढेच पैसे मिळाले असते. खोट्याची गरजच नव्हती. उलट हक्क जाण्याची भीती असेल तर ती या कुत्र्यामुळेच आहे.

हिशेबही करून पाहिला. एस्टिमेट ४२,००० रुपयांचे आहे. बंपर, हेडलाइट, ग्रिल हे सगळे प्लॅस्टिकमध्ये मोडते, त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून होणारी कपात. फेंडर आणि आतला पत्रा हा धातू, आणि गाडी पाच वर्षांपुढची असल्यामुळे त्यावर ४० टक्के. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यातला निम्मा कापतात. मजुरी मात्र पूर्ण मिळते. शिवाय १,००० रुपयांची सक्तीची वजावट आणि जुन्या भागांचे भंगारात येणारे थोडेसे पैसे जाऊन माझ्या पदरात २८,००० पडतात, उरलेले १४,००० माझे मला भरायचे. हा घसारा कापला जाऊ नये म्हणून घ्यायचे झिरो डेप मी गेल्या वर्षी वाढीव हप्ता नको म्हणून सोडले होते. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारा ५० टक्के सवलतीचा नो क्लेम बोनस जाणार तो वेगळाच, आणि तो पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनी चढत पन्नासवर यायला पाच वर्षे लागतात. हप्त्यातला हा वाढीव खर्च साधारण १०,००० होतो, म्हणजे २८,००० मधून तो वजा जाता या क्लेमचा खरा फायदा १८,००० आहे. इतका बारीक हिशेब मला रात्री बारा वाजता जमतो, आणि सोमवारी सकाळी, डोके शांत असताना, दोन खऱ्या ओळी लिहायला जमल्या नाहीत.

अनिकेत म्हणाला, "झोप आता. एका कुत्र्यावरून कोणी एवढा विचार करते का?" त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे नाही. पण मला तो कुत्रा आता दिसू लागला आहे. तांबूस रंगाचा आहे, एक कान दुमडलेला आहे, आणि डावीकडून येऊन तो माझ्या दिव्यांच्या उजेडात थांबतो. मी त्याला बनवला आणि वर त्याला वाचवल्याचे श्रेयही घेतले.

गुरुवार, संध्याकाळ

सकाळी डोळे उघडले तेव्हा कालच्याइतके जड वाटले नाही. माझे लक्ष नव्हते. सव्वीस वर्षे गाडी चालवते आहे, एका रात्री लक्ष नव्हते. हे वाक्य मनात चारपाच वेळा म्हणून पाहिले तेव्हा लक्षात आले की ते उच्चारता येण्यासारखे आहे. आणि पाऊण तास रस्त्यावर उभी राहिले ते मुंबईत राहणाऱ्या कोणाच्याही वाट्याला येते, त्याचे मी उगीच दोन दिवस एवढे मोठे दुःख केले.

चहा घेऊन कागद काढला आणि दावा क्रमांक घालून लिहिले की सोमवारी दिलेल्या फॉर्ममधील अपघाताचे वर्णन बरोबर नाही, रस्त्यावर कोणतेही जनावर आले नव्हते, माझे लक्ष रस्त्यावर नसल्यामुळे गाडी उजवीकडे सरकून दुभाजकाला लागली. लक्ष का नव्हते, ते लिहिले नाही. ते विमा कंपनीने विचारलेले नाही, आणि ज्याला सांगायला हवे त्याला सांगायची तयारी अजून झालेली नाही.

गॅरेजातल्या मुलाला फोन करून हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, पास होता होता तुम्ही कशाला..." पुढचे त्याने पूर्ण केले नाही. मी त्याच्यावर रागावले नाही. त्याच्यापुढे रोज इतके फॉर्म येतात, आणि त्याने मला त्याच्या समजुतीप्रमाणे मदतच केली होती.

मग सर्व्हेअरना फोन केला. बोलायला सुरुवात करताना घसा कोरडा पडला होता. त्यांनी सगळे मध्ये न बोलता ऐकून घेतले. म्हणाले, तारीख आणि सही घालून एक प्रत मला पाठवा, एक कंपनीला द्या, मी अहवालात तशी नोंद करीन, पुढचे कंपनी ठरवील. आवाजात राग नव्हता, आणि फार आपुलकीही नव्हती. कंपनीने दावा नाकारला तर ४२,००० आपले आपण भरायचे, हे मी अनिकेतला सांगून ठेवले आहे, आणि त्याने नुसती मान हलवली.

फोन ठेवण्याआधी सर्व्हेअर जरा थांबले आणि त्यांनी विचारले, "म्हणजे कुत्रा नव्हताच ना?"

"नव्हता," मी म्हणाले.

"बरे झाले," ते म्हणाले.