पाळण्यातले पाय आणि इनचार्जची खुर्ची

आमच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज निवडायची वेळ आली की निवड पॅनेलवरचे एक ज्येष्ठ सहकारी हमखास म्हणतात, "हे शिकवून येत नाही हो मॅडम, रक्तातच असावं लागतं." मग उदाहरणं सुरू होतात. कोण आत आला की सगळे कसे गप्प होतात, कुणाचा आवाज मशीनच्या गोंगाटातही शेवटच्या माणसापर्यंत कसा पोचतो. शेवटी बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, हे आलंच. मी मेंटेनन्समधून वर आलेली. पाय पाळण्यात कसे दिसत होते यापेक्षा रात्री अडीचला कॉम्प्रेसर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की ते कुठे वळतात, यात मला जास्त रस.

पण त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखंही नाही. हा वाद फार जुना आहे. थॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखकाने 1840 साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत इतिहास म्हणजे थोर पुरुषांची कामगिरी अशी मांडणी केली. 1869 मध्ये फ्रान्सिस गाल्टन हा इंग्रज संशोधक नामवंतांची घराणी तपासून बुद्धिमत्ता वारशाने येते असं सांगू लागला. (नामवंतांच्या मुलांना शिक्षण, पैसा आणि ओळखीही वारशाने मिळतात, हे त्याने फारसं मनावर घेतलं नाही.) हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाचा सूर उलटा होता : थोर माणूस समाज घडवतो म्हणता, पण आधी त्या समाजाने त्याला घडवलेलं असतं.

हा वाद तत्त्वज्ञांच्या हातून मोजमाप करणाऱ्यांच्या हाती गेल्यावर मला त्यात गोडी वाटायला लागते. राल्फ स्टॉगडिल या अमेरिकन अभ्यासकाने 1948 साली तोवर झालेले 124 अभ्यास एकत्र वाचून काढले. हुशारी, जबाबदारी घेण्याची तयारी, चिकाटी असे काही गुण पुढाऱ्यांमध्ये थोडे जास्त आढळत होते. पण अमुक गुणांचा संच असला की माणूस नेता होतोच, असं काही त्याला सापडलं नाही. एका जागी उपयोगी पडलेला गुण दुसऱ्या जागी निकामी ठरत होता. त्यानंतर बरीच वर्षं स्वभाव हा विषय अभ्यासकांनी जवळजवळ बाजूलाच ठेवला. मग आकडेवारी एकत्र करण्याच्या पद्धती सुधारल्या आणि 2002 मध्ये टिमथी जज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुन्हा सगळं गोळा करून मांडलं. स्वभावाचा नेतृत्वाशी संबंध आहे, आणि तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

आमच्या सहकाऱ्यांना हा अभ्यास कळला तर ते पेढे वाटतील. पण त्या अभ्यासात एक विभागणी आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या विभागणीवर उभं आहे. नेता म्हणून कोण पुढे येतो, हा एक प्रश्न. पुढे आल्यावर तो काम कसं करतो, हा दुसरा. पाच प्रमुख स्वभावगुणांचे आकडे त्यांनी या दोन्हींसाठी वेगळे काढले. बहिर्मुखतेचा पुढे येण्याशी सहसंबंध 0.33, परिणामकारकतेशी 0.24 (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पुरेपूर). म्हणजे बोलका, उत्साही माणूस खुर्चीपर्यंत जितका सहज पोचतो, तितका तो तिथे उपयोगी पडतोच असं नाही. समंजसपणाचं याच्या अगदी उलट. माणसांशी जुळवून घेणाऱ्याचा पुढे येण्याशी संबंध 0.05, म्हणजे जवळपास शून्य. पण परिणामकारकतेशी 0.21. खुर्ची मिळवताना जो गुण मोजलाच जात नाही, तो खुर्चीत बसल्यावर बहिर्मुखतेच्या जवळपास बरोबरीने कामाला येतो.

शिवाय 0.24 म्हणजे किती? वर्ग करून पाहा, सहा टक्केसुद्धा भरत नाहीत. माणसामाणसांत काम निभावण्याचा जो फरक दिसतो, त्यातला सहा टक्क्यांहून कमी भाग बहिर्मुखतेशी जुळतो. आणि परिणामकारकता मोजली कशी? बहुतेक वेळा वरिष्ठांनी किंवा हाताखालच्यांनी दिलेल्या गुणांवरून. तिथेही छाप पाडणाऱ्याला थोडे फुकटचे मार्क मिळालेच असतील.

छाप किती लवकर पडते याचा एक भन्नाट प्रयोग आहे. जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डालगास यांनी फ्रान्समधल्या संसदीय निवडणुकीतल्या उमेदवारांच्या फोटोंच्या जोड्या स्वित्झर्लंडमधल्या मुलांना दाखवल्या. मुलं 5 ते 13 वर्षांची. प्रश्न एवढाच : समुद्रप्रवासाला निघालात तर या दोघांपैकी कॅप्टन कुणाला कराल? मुलांनी निवडलेला चेहरा सुमारे 70 टक्के वेळा खरोखरच निवडून आलेला होता. 2009 साली हे छापून आलं. मतदारांनी जाहीरनामे वाचले असतील, भाषणं ऐकली असतील. मुलांनी फक्त जबडा आणि डोळे पाहिले. आता चेहरा हे बऱ्याच अंशी जन्मजात प्रकरण आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या चेहऱ्याने बोट चालवता येते का, हे त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं आणि आपणही इंटरव्ह्यूमध्ये विचारत नाही.

दुसरा अभ्यास 2020 चा. विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांना एकत्र काम दिलं आणि नंतर विचारलं, तुमच्यातला नेता कोण? ज्याने सर्वात जास्त वेळ बोलणं केलं त्याचं नाव पुढे येण्याची शक्यता जास्त होती. बुद्धी आणि स्वभाव हिशोबात धरले तरी ते टिकलं. काय बोलला यापेक्षा किती वेळ बोलला. बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे आपल्याला त्या अभ्यासाशिवायही माहीत होतंच म्हणा.

मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यातले दोन इनचार्ज सांगते. एकाचा आवाज खणखणीत, सगळ्यांची नावं पाठ, मीटिंगमध्ये प्लँट हेडला हसवणारा. ब्रेकडाउन झाला की स्वतः मशीनच्या कंट्रोल पॅनेलपाशी धावायचा, बाही वर करून उभा राहायचा, आणि सगळे कडेला उभे राहून बघायचे. तो हजर असला की काम झपाझप व्हायचं. रजेवर गेला की आमची शिफ्ट पोरकी. कुठला स्पेअर कुठे ठेवलाय, कुठल्या पंपाचं सील तात्पुरतं बसवलंय, सगळं त्याच्या डोक्यात. दुसऱ्या बाई. बोलताना समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागायचं. पण शिफ्ट संपताना लॉगबुक भरल्याशिवाय कुणाला जागचं हलू द्यायच्या नाहीत, आणि पुढच्या शिफ्टच्या माणसाला घेऊन प्रत्यक्ष मशीनपर्यंत जायच्या. चूक सांगायला कुणी आलं की आधी "बरं झालं सांगितलंस" आणि मग पुढचं. त्यामुळे बाकी ठिकाणी दोन दिवस लपून राहणारी गोष्ट त्यांच्याकडे दहा मिनिटांत पोचायची. त्या रजेवर गेल्या की फारसं काही बदलायचं नाही. गंमत म्हणजे त्यामुळेच वरच्यांना वाटायचं, या तशा काही विशेष करत नाहीत.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांच्या 1939 च्या प्रयोगात हेच दिसलं होतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छंदवर्ग. मोठ्या माणसांनी ते तीन तऱ्हांनी चालवले. हुकूम सोडून, मुलांशी ठरवून, किंवा मोकळं सोडून. हुकूमशाहीच्या तऱ्हेत मुलं जोरात काम करायची, पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. ठरवून काम करणारा गट त्याच्या मागेही चालू राहायचा. मला यातला सर्वात महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. तऱ्हा आलटूनपालटून तीच माणसं वापरत होती. एकच माणूस या गटात हुकूम सोडायचा आणि दुसऱ्या गटात मुलांना विचारून ठरवायचा. जन्म तोच, वागणं वेगळं, निकाल वेगळा.

आता जुळ्यांचा मुद्दा. तो काढल्याशिवाय आमचे सहकारी मला सोडत नाहीत. एकसारख्या आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची तुलना करून वारशाचा वाटा काढतात. मिनेसोटातल्या जुळ्यांवर रिचर्ड आर्वी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काम केलं. कोण कुठल्या नेतृत्वाच्या पदावर पोचलं, या फरकातला सुमारे 30 टक्के भाग आनुवंशिक असल्याचं 2006 मध्ये पुरुषांच्या बाबतीत दिसलं. पुढच्या वर्षी स्त्रियांच्या बाबतीतही साधारण तेच. आकडा खरा आहे. पण पुन्हा पाहा, मोजलं काय? पदावर पोचणं. पुढे 2009 मध्ये याच मंडळींनी आणखी खोदलं, तर ज्यांचं बालपण सुस्थितीत, पाठबळ देणाऱ्या घरात गेलं त्यांच्यात जनुकांचा वाटा कमी निघाला आणि ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्यात जास्त. घरी कुणी बोट धरणारं नसेल तर उपजत शिदोरीवरच चालावं लागतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

आता माझ्याच बाजूची अडचण सांगते, कारण आमचे सहकारी ती कधी ना कधी शोधून काढणारच. त्या बाईंचा काटेकोरपणा तरी आकाशातून पडला का? तोही स्वभावच, आणि स्वभावाच्या पाचही प्रमुख गुणांमधला साधारण चाळीस-पन्नास टक्के फरक आनुवंशिक असतो असं जुळ्यांचे अभ्यास सांगतात. वर 2002 च्या त्याच अभ्यासात माझ्या लाडक्या काटेकोरपणाचा परिणामकारकतेशी संबंध फक्त 0.16 आहे, पुढे येण्याशी मात्र 0.33. म्हणजे नीटनेटका माणूसही छाप पाडूनच खुर्चीत जातो! हे वाचून मी जरा खट्टू झाले. तरी लॉगबुक भरणं ही करून घेता येण्यासारखी गोष्ट आहे. ज्याला ते उपजत जमतं त्याला सोपं, ज्याला नाही त्याला कंटाळवाणं, पण दोघांकडूनही होतं. आणि ज्याला सगळे रक्तातलं मानतात ते वक्तृत्वाचं तेजसुद्धा शिकवता येतं. अँटोनाकिसनेच 2011 मध्ये व्यवस्थापकांना गोष्ट सांगणं, विरोधाभास मांडणं, आवाज आणि हातवारे वापरणं असल्या युक्त्या शिकवल्या, आणि प्रशिक्षणानंतर लोकांना ती माणसं जास्त प्रभावी वाटू लागली.

या वेळी पॅनेलमध्ये मी दोन गोष्टी मागून घेतल्या. इंटरव्ह्यूच्या आधी प्रत्येक उमेदवाराला, इनचार्ज रजेवर असताना, काही दिवस चार्ज द्यायचा. आणि नंतर मत विचारायचं ते त्याच्या वरिष्ठाला नाही, त्याच्याकडून चार्ज घेणाऱ्या पुढच्या शिफ्टच्या माणसाला : हँडओव्हर कसा मिळाला? न सांगितलेलं काही नंतर सापडलं का? पद्धत निर्दोष नाही. एखाद्याच्या वाट्याला नेमका शांत आठवडा येतो आणि तो न झालेल्या ब्रेकडाउनच्या जोरावर पास होतो.

आमचं भांडण आता अर्जावर आलंय. ज्याला इनचार्ज व्हायचंय त्याने अर्ज करावा, हा नियम. मी म्हणते, अर्ज करणारा आधीच निवडला गेलेला असतो, त्याच्या स्वभावाने. ज्यांना लोक अडचणीत गुपचूप विचारायला जातात त्यांच्यापैकी कित्येक जण अर्जच करत नाहीत. सहकारी म्हणतात, "ज्याला खुर्ची नकोच त्याला बळंच बसवायचं कशाला?" त्यात तथ्य आहे. पण नको आहे की कुणी विचारलंच नाही, हे विचारल्याशिवाय कसं कळणार? शेवटी मधला मार्ग निघाला : प्रत्येक शिफ्टमधल्या लोकांनी अर्ज न केलेलं एक नाव सुचवायचं आणि आम्ही त्या व्यक्तीशी नुसतं बोलायचं. परवा बोलणं झालं. एकाने हात जोडून नाही म्हटलं. दुसऱ्याने आधी बायकोला विचारतो म्हणून वेळ मागून घेतली. इन्स्ट्रुमेंटेशनच्या एका मुलीने मात्र लगेच वही उघडली : रात्रपाळ्या किती, हाताखाली माणसं किती, आणि स्पेअर मागवायचे अधिकार लेखी मिळणार की तोंडी?