तुम्ही विचारलेत म्हणून: हरलेल्या जोची कथा आशेची कशी?

जपानी चित्रकथांच्या गप्पांत मी ‘आशिता नो जो’चे नाव घेतले की एक प्रश्न हमखास येतो: जिच्यात नायकाचा प्रतिस्पर्धी उपासमार सोसून मरतो, नायक अखेरचा सामना हरतो आणि तो जगला की गेला हेही सांगितले जात नाही, त्या मालिकेला तुम्ही आशेची कथा कशी म्हणता? प्रश्न रास्त आहे.

इक्की काजिवारा यांनी आसाओ ताकामोरी या टोपणनावाने लिहिलेली आणि तेत्सुया चिबा यांनी चितारलेली ही मालिका १९६८ ते १९७३ या काळात एका साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. जो याबुकी हा अनाथ, उनाड पोरगा टोकियोत सान्याच्या मजूरवस्तीत येऊन पडतो. तिथला अश्रूंचा पूल आयुष्यात हरलेली माणसे रडत ओलांडतात, आपण तो उलट्या दिशेने ओलांडू, असे त्याचा दारुडा, एका डोळ्याचा प्रशिक्षक दानपेई म्हणतो आणि त्याच पुलाखाली मुष्टियुद्धाची तालीम थाटतो.

प्रतिस्पर्धी रिकिइशीला चिबांनी आधी जोपेक्षा बराच धिप्पाड रेखाटले होते; दोघांना एका वजनगटात आणायचे, तर त्याला उपाशी ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तहानेने वेडापिसा होऊन तो नळाकडे धावतो, तर सगळे नळ तारेने आवळलेले असतात. त्याला पाठबळ देणारी श्रीमंत घरची योको कोमट पाण्याचा पेला पुढे करते. तो तिचे मनापासून आभार मानतो आणि पाणी जमिनीवर ओतून टाकतो. जोविरुद्धचा सामना तो जिंकतो आणि कोसळून मरतो. मार्च १९७० मध्ये कवी-नाटककार शूजी तेरायामा यांच्या पुढाकाराने या काल्पनिक माणसाची अंत्ययात्रेसारखी शोकसभा भरली आणि शेकडो वाचक तिला आले.

मला आशा दिसू लागते ती इथून पुढे. जोला प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावर ठोसा मारवत नाही, मारलाच तर रिंगणातच उलटी होते. कथा या अवस्थेला घाईने गुंडाळत नाही; त्याला गावोगावच्या फुटकळ सामन्यांत भटकू देते, आणि तो परततो तेव्हा ते परतणे त्याने स्वतः कमावलेले असते.

राहिला शेवट. काजिवारांच्या मूळ शेवटात दानपेई हरलेल्या जोचे सांत्वन करतो. चिबांना तो पटला नाही आणि त्यांनी तो बदलला. मला त्यांचेच बरोबर वाटते, कारण सांत्वन हवे असे जोच्या बाबतीत काही घडलेलेच नाही. पुष्कळ आधी वाणीदुकानातली नोरिको त्याला विचारते की, तुझ्या वयाची मुले मौजमजा करतात, तुला हे तारुण्य भकास वाटत नाही का? तो सांगतो की, आपल्याला अर्धवट धुमसायचे नाही, क्षणभर का होईना लखलखून पेटायचे आहे, मागे पांढरी राख तेवढी उरावी. विश्वविजेत्या होसे मेंडोसाशी तो पंधरा फेऱ्या लढतो तेव्हा नेमके हेच घडते. निकाल मेंडोसाच्या बाजूने लागतो, पण तोवर मेंडोसाचे केस पांढरे झालेले असतात आणि जोने आपले हातमोजे योकोच्या हाती दिलेले असतात.

शेवटच्या चित्रात जो रिंगणाच्या कोपऱ्यात मान झुकवून, मंद हसत, पांढराफटक होऊन बसलेला दिसतो. तो मेला का, याचे उत्तर ते चित्र देत नाही आणि मीही देणार नाही. मात्र ज्यांनी ते गाजलेले शेवटचे चित्र सुटेच पाहिले आहे, त्यांनी नोरिकोशी झालेले ते बोलणे आधी वाचावे आणि मग मला पुन्हा विचारावे.