सातचा भोंगा

मंगळवार, रात्रीचे साडेदहा.

लेक आत्ता झोपली. झोपण्याआधी तिने आपला फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर आणून ठेवला आणि शेजारी माझा व तिच्या बाबांचा फोन आहे की नाही, हे नीट पाहून घेतले. तिचे ते पाहून घेणे मनात राहिले आहे.

महिनाभरापूर्वीपर्यंत मी तिचा फोन काढून घेत असे आणि माझा हातातच असे. ती चिडत असे, आणि तिचे चिडणे रास्त होते, हे मला सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव आठवले तेव्हा उमगले. कडेगाव तालुक्यातल्या त्या गावात २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज सायंकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतले टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचे गावाने ठरवले. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती दिलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटत नव्हते. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका दारोदार फिरून लोकांना समजावत होत्या. त्या भोंग्याचा खरा गुण मला असा वाटतो, की तो एकट्या मुलासाठी वाजत नाही.

नववीतल्या मुलीला एकटीने फोन खाली ठेवणे किती जड जाते, हे मी उशिरा ओळखले. रील्सना शेवटचे पान नसते, एक संपते न संपते तोच दुसरे सुरू होते, हे खरेच; पण तिची खरी घालमेल वर्गातल्या मैत्रिणींच्या ग्रुपपायी होती. आपण नसताना तिथे काय बोलले गेले, आपल्याविषयी तर नाही ना, आपला फोटो कोणाला आवडला नाही, या विचारांनी तिचे पुस्तक तासभर एकाच पानावर उघडे राहत असे. मी त्याला आळस म्हटले, याचे मला आज वाईट वाटते.

आज जेवताना ती आपणहून वर्गातल्या एका भांडणाविषयी बराच वेळ बोलली. मी मध्ये काही सुचवले नाही.

तिच्या तीन मैत्रिणींच्या आयांशी उद्या बोलायचे आहे. चारही घरांतले फोन एकाच वेळी बाजूला झाले, तर ग्रुपवर मागे राहण्याची भीती कोणा एकीच्या वाट्याला येणार नाही. वेळ आठची ठेवावी की साडेआठची, हे मात्र मुलींनाच विचारायचे.