केमोच्या आधी हे विचारा

आज मामेबहिणीसोबत कर्वे रस्त्यावरच्या फर्टिलिटी क्लिनिकमध्ये होते. नुकतीच तिशी ओलांडलेली, लग्न व्हायचंय, आणि स्तनाचा कॅन्सर निघालाय. केमोच्या काही औषधांनी अंडाशयातली बीजं कायमची संपू शकतात, म्हणून आधी ती गोठवून ठेवायची.

पाळीची वाट पाहावी लागत नाही, बीजं वाढवणारी इंजेक्शनं कुठल्याही दिवशी सुरू करता येतात. साधारण दोन आठवडे. तिचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा, त्यामुळे इस्ट्रोजेन हे हार्मोन ताब्यात ठेवायला सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या. मग भूल देऊन, सोनोग्राफीत बघत सुईनं बीजं काढतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. मूल होईलच अशी हमी नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मला ते फार आवडलं.

मामी म्हणत होती, "आधी जीव वाचू दे गं, मुलाबाळांचं काय घेऊन बसलात!" तिची भीती कळते. पण पोरगी म्हणाली, "आई, मला बरं झाल्यावरचं आयुष्यही हवंय."

ओळखीत कुणाची केमो ठरली असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हे विचारायला सांगा. मुलग्यांनाही शुक्राणू गोठवता येतात, ते तर खूपच सोपं. उद्यापासून इंजेक्शनं, पोटात कशी टोचायची ते मी नर्सताईंकडून शिकून घेतलंय.