ग्वाल्हेरचा ट्रॅक आणि हांगझोऊची शर्यत

झेलम एक्सप्रेसनं ग्वाल्हेरला उतरलं की बहुतेक जण आधी किल्ला गाठतात. मी लष्कर या भागात मामांच्या घरी सामान टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्याबरोबर एलएनआयपीईच्या मैदानावर गेलो. लक्ष्मीबाईंच्या नावाची ही शारीरिक शिक्षणाची संस्था १९५७ मध्ये, उठावाच्या शताब्दी वर्षात, राणी जिथे धारातीर्थी पडल्या त्याच शहरात सुरू झाली. मामा पीटीचे सर होते. मुलांना पळताना बघायला अजूनही येतात. २०२३ च्या सप्टेंबरचा शेवट होता, हांगझोऊला आशियाई स्पर्धा चालू होत्या आणि ट्रॅकवर दुसरा विषय नव्हता.

सात-आठ मुलं १५०० मीटर पळत होती. पावणेचार फेऱ्या. टीव्हीवर कॅमेरा लांबून दाखवतो तेव्हा सगळं सुरळीत वाटतं. इथे कठड्याशी उभं राहिल्यावर स्पाइक्सचा खरखराट ऐकू येतो आणि कोपरं एकमेकांना घासताना दिसतात. निळ्या बनियनमधला एक मुलगा अगदी आतल्या कडेनं पळत होता. पुढे एक जण, उजव्या खांद्याला दुसरा. शेवटच्या फेरीला पुढच्यांनी वेग वाढवला तेव्हा त्याच्या पायांत दम होता, पण बाहेर पडायला फट नव्हती. वाट मिळेपर्यंत पहिले दोघे निसटले होते.

“बॉक्स झाला,” मामा म्हणाले. “दुसऱ्या लेनमधून वळणं घेतली तर फेरीमागे साडेसात मीटर जास्त पळावं लागतं. आत राहिलं तर कोंडी. यातलं काय पत्करायचं, ते पळता पळताच ठरवायचं.”

मला ही शर्यत १०० मीटरपेक्षा कितीतरी श्रीमंत वाटते ती यामुळेच. आपल्या जिन्सन जॉन्सनचंच बघा. २०१८ ला जकार्तात १५०० चं सुवर्ण त्यानं ३ मिनिटं ४४.७२ सेकंदांत घेतलं. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये तोच ३:३५.२४ पळून राष्ट्रीय विक्रम करून आला. म्हणजे जकार्तात तो कमी पळला असं नाही. पदकाच्या शर्यतीत पेसर, म्हणजे पुढे पळून वेग ठरवून देणारा, नसतो, पुढे जाऊन वारा अंगावर घ्यायला कुणी तयार नसतं, म्हणून सुरुवात संथ होते आणि सगळा हिशेब शेवटच्या ३०० मीटरमध्ये चुकता होतो.

रविवारी, १ ऑक्टोबरला, मामांच्या ओसरीवर शेजारपाजारची मंडळी जमली. नया बाजारातून बहादुराचे लाडू आले होते. आपल्या बीडच्या अविनाश साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) सुवर्ण ८:१९.५० मध्ये जिंकलं तेव्हा आरडाओरडा झाला, व्हायलाच हवा. पण माझा जीव १५०० मध्ये अडकला होता. या वेळी मी पुढच्या माणसाकडे बघितलंच नाही; आपला अजयकुमार सरोज कुठल्या लेनमध्ये आहे, त्याच्या उजवीकडे जागा आहे का, एवढंच बघत राहिलो. कतारचा मोहम्मद अल-गार्नी ३:३८.३८, अजय ३:३८.९४, जिन्सन ३:३९.७४. सुवर्ण जेमतेम चार मीटरवर होतं. आणि जकार्ताच्या सुवर्णापेक्षा जवळजवळ पाच सेकंद वेगानं पळूनही जिन्सनला ब्राँझ!

एकाच शर्यतीत दोन भारतीय पदकं, तरी ओसरीवरचे निम्मे लोक तोवर चहाला उठले होते. मला खरंच वाईट वाटलं. मधल्या पल्ल्याची आपली परंपरा जुनी आहे. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत दिल्लीला ८०० आणि १५०० ही दोन्ही सुवर्णं भारताची होती. मामा श्रीराम सिंगवर आले की थांबत नाहीत: १९७६, मॉन्ट्रियल, ऑलिंपिकची ८०० ची फायनल, पहिली फेरी संपताना सगळ्यांच्या पुढे हा. शेवटी सातवा आला, पण त्याची १:४५.७७ ही वेळ भारतात ४२ वर्षं कुणाला मोडता आली नाही. मोडली ती जिन्सननंच.

सोमवारी किल्ला पाहिला. मानमंदिराच्या निळ्या फरशांवर वेगळं लिहीन.

आपल्या मोहम्मद अफसलची ८०० ची फायनल ३ तारखेला, मी परतीच्या गाडीत असताना झाली. १:४८.४३, रौप्य. मामांचा लगेच फोन: “वेळेकडे बघत बसू नकोस. दुसरी फेरी लाव आणि तो बाहेर कधी पडतो ते बघ.”