बत्तिसाव्या सेकंदाला

शनिवारी साडेअकराला ऑपरेटर ताईंनी चलनाचा एक पाठकोरा कागद माझ्यासमोर सरकवला. चार उभ्या रेघा, एक तिरकी, अशा पाच जुड्या आणि वर एक सुटी रेघ. "सकाळपासून सव्वीस तुटले. माणूस पार्ट नंबर सांगायला लागतो आणि कट. एक गिऱ्हाईक परत फोन करून मलाच म्हणालं, बाई, फोन आपटता कशाला?"

जागा ठाण्यातली वागळे इस्टेट. पॅकिंग मशीनच्या सुट्या भागांचा धंदा, 14 एक्स्टेंशन, एका छोट्या डब्यावर अ‍ॅस्टरिस्क, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज (पीबीएक्स) चालवणारं सॉफ्टवेअर. शुक्रवारी त्यांची सुट्टी, म्हणून त्या दिवशी नवी ट्रंक, म्हणजे डेटाच्या लाइनवरून बाहेरचे कॉल आणणारी फोन कंपनीची जोडणी, लावून मी निवांत घरी गेलो होतो.

ट्रंक निवडताना मालक बघतात तो मिनिटाचा दर. त्याने फारसं काही ठरत नाही. पहिला प्रश्न चॅनेलचा: एका वेळी किती कॉल? 14 एक्स्टेंशन म्हणजे 14 चॅनेल नव्हेत. मी तीन महिन्यांचं कॉल रेकॉर्ड काढलं. सर्वांत गर्दीच्या वेळी, सकाळी अकरा ते बारा, एकदम सहा. दहा चॅनेल पुष्कळ झाले. बँडविड्थचा बाऊ तर उगाच करतात. जी 711 ए-लॉचा (आवाज आकड्यांत बदलायची एक पद्धत, म्हणजे कोडेक) एक कॉल हेडर धरून एका दिशेला सुमारे 87 केबीपीएस खातो, म्हणजे दहा कॉलना एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. "आमची लाइन 200 एमबीपीएसची आहे" हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी. आवाज तुटतो तो जिटरने, म्हणजे पॅकेट पोचायच्या वेळेतल्या चढउताराने, आणि हरवलेल्या पॅकेटने. आठवडाभर पिंग लावून ठेवला तेव्हा त्यांच्या ब्रॉडबँडवर दुपारी जिटर चाळीस मिलिसेकंदांच्या वर उडत होता.

दुसरी गाठ नंबरची. 022-25 ने सुरू होणारा त्यांचा जुना नंबर हजारो खोक्यांवर छापलेला. मोबाइलसारखं लँडलाइनचं पोर्टिंग आपल्याकडे नाही, हे निम्म्या विक्रेत्यांना माहीत नसतं किंवा ते सांगत नाहीत. तेव्हा जुनी तांब्याची लाइन ठेवली आणि एका पोर्टच्या एफएक्सओ गेटवेतून, म्हणजे जुनी लाइन डिजिटल करणाऱ्या डबीतून, पीबीएक्समध्ये घेतली. नवे नंबर ट्रंकवर.

नेटवर दिसणारे परदेशी स्वस्त पर्याय मी यादीतच घेत नाही. परवान्याशिवाय इंटरनेटवरचा कॉल इथल्या फोनच्या जाळ्यात सोडणं हा सरळ गुन्हा आहे, आणि पोलीस येतात ते मालकाच्या दारी.

उरले दोन. एकाची ट्रंक ब्रॉडबँडवरून, युजरनेम-पासवर्डने रजिस्टर होणारी. दुसऱ्याची स्वतःच्या फायबरवरून: 10 ने सुरू होणारा खाजगी आयपी, पासवर्ड नाही, समोरचा आयपी हीच ओळख. पहिल्याची चाचणी पंधरा दिवस चालली आणि जोडल्या क्षणी चालू झाली. तरी जिटर बघून मी फायबरवाला सुचवला. त्यासाठी पीबीएक्सला दुसरं नेटवर्क कार्ड घातलं आणि दोन स्टॅटिक राउट (हाताने लिहिलेल्या वाटा) दिले, एक सिग्नलच्या सर्व्हरकडे, दुसरा मीडियाच्या, म्हणजे आवाजाच्या, सबनेटकडे (पत्त्यांच्या गटाकडे). हा दुसरा हमखास विसरतात. मग घंटी वाजते, कॉल लागतो आणि दोन्हीकडे शुकशुकाट. कोडेकमध्ये ए-लॉ वर आणला. नुसता म्यू-लॉ हा दुसरा कोडेक राहिला तर कॉल 488, म्हणजे 'हे चालणार नाही', देऊन परत येतो. डीटीएमएफ (बटणं दाबल्याचे सूर) आरएफसी 4733 या पद्धतीने, नाहीतर बँकेच्या 'एक दाबा'ला कोणी जागं होत नाही. डायल पॅटर्नमध्ये मोबाइलपुढे शून्य, 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून ते सक्तीचं आहे. शुक्रवारी दहा-बारा कॉल करून पाहिले. सगळे मस्त. एकही अर्ध्या मिनिटाच्या वर नव्हता.

शेठ खुर्चीमागे येऊन उभे. "आधीचा चांगला चालत होता. हा तुम्ही सांगितलेला." मीही बोलून गेलो, फायबरवाल्यांकडेच काहीतरी लोचा आहे.

एसएनग्रेप, म्हणजे कॉलमागचे निरोप दाखवणारं साधन, उघडलं आणि ताईंना म्हटलं, पुढचा कॉल मुद्दाम लांबवा. स्क्रीनवर इन्व्हाइट (कॉल आल्याचा निरोप) आला, आपला 200 ओके (फोन उचलल्याचा) गेला. मग पुन्हा 200 ओके. अर्ध्या सेकंदाने, एका सेकंदाने, दोन, चार, मग दर चार सेकंदांनी तोच. पलीकडून एसीके, म्हणजे त्याची पोचपावती, नाही. इकडे ताई आणि गिऱ्हाईक बेअरिंगच्या साइजवर निवांत बोलतायत, आणि खाली पीबीएक्स पोचपावतीसाठी दार ठोठावतंय. बत्तीस सेकंद झाले, पीबीएक्सने बाय (फोन ठेवल्याचा निरोप) पाठवला. कट. हा आकडा एसआयपीतच, म्हणजे या निरोपांच्या नियमांतच, बसलेला आहे: टी वन हा पायाभूत वेळ अर्धा सेकंद, त्याची 64 पट. म्हणजे कॉल कंपनी तोडत नव्हती, आपलाच डबा तोडत होता.

एसीके का येत नाही, हे मला तिथे दिसायला हवं होतं. मी कंपनीचं राउटिंग तपासायला सांगायचं म्हणून फोन लावला. पहिल्या पायरीवरच्या मुलाने डबा रीस्टार्ट करायला सांगितलं, ते सगळेच सांगतात. पण त्याने पुढे जोडून दिलं. पलीकडच्या बाईंनी ट्रेसची फाइल मागवली आणि पाच मिनिटांत फोन केला. "सर, तुमच्या 200 ओकेच्या कॉन्टॅक्टमध्ये, म्हणजे उत्तर पाठवायच्या पत्त्यात, ब्रॉडबँडचा पब्लिक आयपी आहे. आमच्या खाजगी नेटवर्कमधून तिथे रस्ताच नाही. एसीके आम्ही पाठवतोय, सर."

सेल्सची दोन मुलं बाहेरून मोबाइल अ‍ॅपवर एक्स्टेंशन वापरतात, म्हणून बाहेरचा पत्ता मीच कधीतरी सेटिंगमध्ये भरला होता. फायबरचं सबनेट 'लोकल नेटवर्क'च्या यादीत घातलं नाही, म्हणून पीबीएक्स त्या वाटेवरही बाहेरचाच पत्ता सांगत राहिलं. आवाजाचा पत्ताही चुकीचाच जात होता. पण कंपनीचा एसबीसी (कॉलचा वेशीवरचा सर्व्हर) आपलं पॅकेट जिथून आलं तिथेच परत आवाज पाठवत होता, म्हणून बोलणं चालू राहिलं. आवाज गेलाच असता तर शुक्रवारीच कळलं असतं.

एक खूण शुक्रवारीही समोर होती. आपण केलेल्या कॉलमध्ये पलीकडच्याने फोन ठेवला की आपल्याकडे टोन न येता नुसती शांतता. त्याचा बायही त्याच हरवलेल्या पत्त्यावर जात होता. मी रिसीव्हर ठेवून पुढचा नंबर फिरवला.

'लोकल नेटवर्क'च्या यादीत एक ओळ घातली. हे ट्रान्सपोर्टचं सेटिंग नुसत्या रीलोडने बदलत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत अ‍ॅस्टरिस्क रीस्टार्ट केलं. पहिला कॉल चार मिनिटं चालला. ताईंनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

डोक्यातून जात नाही ते हे. आधीची ट्रंक चालली याचं कारण ती ब्रॉडबँडवरून येत होती आणि तिथे तोच पत्ता बरोबर होता. तिच्या गुणाचा त्यात काही संबंध नव्हता. मी पंधरा दिवसांच्या चाचणीला पुरावा मानलं, शेठनीही मानलं. त्या कंपनीच्या हेल्पलाइनवर चाचणीत एकदाही फोन करायची वेळ आली नाही, आणि तिथे ट्रेस वाचणारं कोणी आहे की नाही हे मला आजही ठाऊक नाही. आता मी चाचणीत दोन मिनिटांचा एक कॉल आत, एक बाहेर करतो, आणि फोन दोन्ही बाजूंनी एकेकदा आधी ठेवायला लावतो. शिवाय एक चूक मुद्दाम करून हेल्पलाइनला फोन लावतो. हे लबाडीचं वाटतं, पण करतो.

फायबरचे दहा चॅनेल राहिले. ब्रॉडबँडवाल्याचे दोन, पावसाळ्यात रस्ता खणला की उपयोगी पडतील म्हणून. कंपनीचा ओएनटी (फायबर येतो तो डबा) यूपीएसवर घेतला. तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजमधून यायची, याला येत नाही.

त्या शनिवारचं बिल लावलं नाही. शेठ अजून भेटणाऱ्यांना सांगतात की फायबरवाल्यांनी त्यांच्याकडे काहीतरी दुरुस्त केलं. चूक माझी होती हे मी त्यांना जाताना सांगितलं होतं, लिफ्टच्या दारात, आवाज जरा खालीच होता.