होर्डिंगला उलट बोलणारी माणसं

मंगळवारी सिडनीतल्या आमच्या बसथांब्यावर एका होर्डिंगकडे बघताना माझी बस चुकली. ऑनलाइन जुगाराची जाहिरात, मोबाइल उंचावून हसणारा तरुण, आणि त्याच्या छातीवर ओळ: 'हरलेल्यांचे फोटो कुठे आहेत?' अक्षरांचं वळण आणि रंग हुबेहूब मूळ जाहिरातीचा. कंपनीचीच ओळ असेल असं वाटलं. जवळ गेलो तेव्हा वरून चिकटवलेल्या कागदाची कड दिसली.

जाहिरातीला तिच्याच भाषेत असं उलट बोलायला लावणं, याला कल्चर जॅमिंग म्हणतात. अमेरिकेतल्या नेगेटिव्हलँड या बँडने १९८४ साली हा शब्द रूढ केला, पण सिडनीकर त्याच्याही आधीचे. १९७९ मध्ये इथे 'बुगा अप' ही चळवळ सुरू झाली. उच्चार इथल्या बोलीत 'वाट लावणे' या अर्थाचा. रात्री रंगाचे स्प्रे घेऊन निघायचं, सिगारेट-दारूच्या होर्डिंगवरची दोन अक्षरं खोडायची, चार वाढवायची आणि जाहिरातीच्याच तोंडून खरं वदवायचं. खाली सही करायची. आर्थर चेस्टरफील्ड-इव्हान्स यांच्यासारखे शल्यचिकित्सकही त्यात होते, त्यांना अटकही झाली. शेजारच्या आजी तेव्हा नर्स होत्या. म्हणाल्या, ''दिवसभर वॉर्डात खोकला ऐकायचा आणि घरी जाताना सिगारेट ओढणारा घोडेस्वार बघायचा. कुणीतरी त्याला रंग फासला की मला झोप लागायची.'' १९९२ साली तंबाखूच्या जाहिरातींवर देशभर बंदीचा कायदा झाला. नुसत्या स्प्रेने तो झाला नाही, पण लोकांच्या मनातला होर्डिंगचा दरारा आधी त्या स्प्रेने घालवला.

आणि मला गोव्यातली आमची पर्वरी आठवली. पणजीकडे उतरताना होर्डिंगांवर कॅसिनो, व्हिला, पुन्हा कॅसिनो. आजींचा नातू मला विचारतो, ''गोवा म्हणजे कॅसिनो ना?'' मी चिडून त्याला मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाचा फोटो दाखवला. इथे तरी काय वेगळं आहे? नाक्यानाक्यावरच्या पबमध्ये जुगाराची यंत्रं आहेत! आणि आपल्याला बोलता येत नाही असंही नाही. तियात्रातल्या, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकातल्या, कांतारांत (गाण्यांत) मंत्र्यांची सालं काढतात, सगळा मांडव टाळ्या वाजवतो. प्रायोजकाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. आमच्या जत्रेतल्या नाटकाला यंदा दर्शनी पडद्यावर नाटकाच्या नावाच्या वर बिल्डरचं नाव होतं, तेही दुप्पट मोठं. व्हॉट्सॲपवर तो फोटो बघून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

दादाला फोन केला. ''तुला तिकडे बसून बोलायला काय जातं? पोरांना त्याच कॅसिनोत नोकऱ्या आहेत. आणि पडद्याचे पैसे कोण देणार?'' त्याचं खोटं नाही. पण मीही गाव विटला म्हणून आलो नाही, पोटासाठी आलो. लांब राहतो म्हणून गावाबद्दल बोलायचा हक्क जात नाही.

काल उत्सव समितीला पुढच्या वर्षीच्या पडद्याचे सगळे पैसे पाठवले. अट एकच घातली: पडद्यावर फक्त नाटकाचं नाव. माझंही नको.